वेलांटी का घसरते? पोस्टर, रील आणि गेममध्ये मराठी अक्षरं मोडण्यामागचं खरं कारण

रीलवरचं कॅप्शन वाचताना तुम्ही कधी ना कधी अडखळला असाल. ‘विद्यार्थी’ लिहायचं होतं, पण वेलांटी ‘व’ला सोडून ‘द’च्या डोक्यावर जाऊन बसली. रफार उडायच्या ऐवजी पाय मोडलेला ‘र’ मध्येच उभा राहिला. कुठे अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. ऑनलाइन स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर नाव, कार्यक्रमाच्या मोठ्या पडद्यावर मान्यवरांची यादी, मोबाईल गेममधल्या सूचना, व्हिडिओखालच्या ओळी, सगळीकडे हा प्रकार दिसतो.

आपली पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. ‘यांना शुद्धलेखन येत नाही.’ कमेंटमध्ये दोन-चार जण ऐकवतात आणि विषय संपतो.

पण यातल्या बऱ्याच वेळा लिहिणाऱ्याने बरोबर लिहिलेलं असतं. त्याच मजकुराची प्रत व्हॉट्सॲपवर टाकली तर तो अगदी नीट दिसतो. चूक होते ती मजकूर पडद्यावर ‘काढताना’. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, पण त्याच मराठीची वेलांटी अजून अनेक सॉफ्टवेअरमध्ये जागेवर बसत नाही. हे का होतं आणि यावरचा उपाय मोफत असूनही तो का वापरला जात नाही, ते सोप्या भाषेत समजून घेऊ.

तुम्ही टाइप करता ते अक्षर नसतं, आकडा असतो

संगणकाला ‘क’ कळत नाही. त्याला २३२५ कळतो. युनिकोड नावाच्या जागतिक यादीत जगातल्या लिप्यांमधल्या प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक दिलेला आहे. देवनागरीचा मुख्य पट्टा २३०४ पासून २४३१ पर्यंत, म्हणजे एकूण १२८ जागांचा. त्यात ‘र’ २३५२, ‘ळ’ २३५५, ऱ्हस्व वेलांटी २३६७ आणि अक्षराचा पाय मोडणारी खूण २३८१.

तुम्ही मेसेज पाठवता तेव्हा समोरच्या फोनकडे हे आकडेच जातात. आकार जात नाहीत. आकार काढायचं काम समोरच्या फोनचं.

आकड्यावरून आकार: फॉन्टमधला शोध

आकार असतात फॉन्टमध्ये. फॉन्टची फाईल म्हणजे चित्रांचं कपाट समजा. प्रत्येक चित्राला ‘ग्लिफ’ म्हणतात आणि प्रत्येक ग्लिफला कपाटातला स्वतःचा क्रमांक असतो. एका फॉन्टमध्ये जास्तीत जास्त साधारण ६५ हजार ग्लिफ मावतात.

कपाटाच्या दारावर एक तक्ता लावलेला असतो. युनिकोडचा अमुक आकडा आला की तमुक क्रमांकाचं चित्र काढा, असं त्यात लिहिलेलं असतं. सॉफ्टवेअर या तक्त्यात शोध घेतं, ग्लिफचा क्रमांक मिळवतं, ते चित्र पडद्यावर ठिपक्यांमध्ये उतरवतं आणि पुढच्या आकड्याकडे वळतं.

मागितलेला आकडा तक्त्यात नसेल तर? मग शून्य क्रमांकाचा ग्लिफ निघतो. तो बहुतेक फॉन्टमध्ये रिकामा चौकोन असतो. टोफूच्या तुकड्यासारखा दिसतो म्हणून या धंद्यात त्याला ‘टोफू’च म्हणतात. गूगलच्या ‘नोटो’ फॉन्टचं नावही ‘नो टोफू’ यावरूनच आलं. जगातल्या कुठल्याही भाषेत चौकोन दिसू नये, हा त्या प्रकल्पाचा हेतू.

म्हणजे चौकोनांचं कोडं इथेच सुटलं. चौकोन दिसला की समजायचं, निवडलेल्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरंच नाहीत आणि सॉफ्टवेअरने दुसऱ्या फॉन्टमध्ये शोधण्याची तसदीही घेतली नाही.

पण वेलांटी घसरते तेव्हा फॉन्ट बरोबर असतो. मग बिघडतं काय?

इंग्रजीला चालतं ते मराठीला का चालत नाही?

इंग्रजीत एक आकडा, एक चित्र, डावीकडून उजवीकडे एकामागे एक, एवढ्यावर काम भागतं. मराठीत तसं नाही.

‘विद्यार्थी’ हाच शब्द घ्या. डोळ्यांना यात तीन अक्षरं दिसतात: वि, द्या, र्थी. फोनमध्ये मात्र दहा आकडे साठवलेले असतात. व, ऱ्हस्व वेलांटी, द, पाय मोडायची खूण, य, काना, र, पुन्हा पाय मोडायची खूण, थ, दीर्घ वेलांटी. आपण उच्चारतो त्या क्रमाने.

आता सॉफ्टवेअरने प्रत्येक आकड्यासाठी एकेक चित्र काढलं आणि ओळीने मांडलं तर काय होईल?

वेलांटी ‘व’च्या नंतर साठवलेली आहे, म्हणून ती ‘व’च्या नंतर काढली जाते. पण ऱ्हस्व वेलांटीचं चित्र असं असतं, की उभा दांडा डावीकडे आणि वरची कमान उजवीकडच्या अक्षरावर झुकलेली. साहजिकच ती कमान पुढच्या ‘द’वर पडते आणि आपल्याला ‘वदि’ दिसतं. पुढे ‘द’चा पाय मोडलेला, शेजारी पूर्ण ‘य’. त्यापुढे पाय मोडलेला ‘र’, मग ‘थी’. रफार कुठेच नाही, कारण रफाराला युनिकोडमध्ये स्वतंत्र आकडाच नाही!

मुद्दा नेमका इथे आहे. रफार, ‘क्र’मधली खालची तिरकी रेघ, ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘श्र’, अर्धा ‘त’, अर्धा ‘म’ यांपैकी कशालाही युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक नाही. मराठी नीट दिसायला फॉन्टमध्ये काही शे आकार लागतात आणि त्यातले बरेचसे दारावरच्या तक्त्यात नसतातच. ते कपाटाच्या आतल्या कप्प्यात असतात. तिथे पोचायचा रस्ता वेगळा आहे.

मधला कारागीर: शेपिंग

त्या रस्त्याचं नाव ‘शेपिंग’. जुन्या छापखान्यात खिळे जुळवणारा कारागीर असायचा. हस्तलिखितात ‘विद्यार्थी’ दिसला की कुठला खिळा आधी, कुठला नंतर आणि कुठल्या जोडाक्षराचा तयार खिळा उचलायचा, हे त्याचे हात ठरवायचे. शेपिंग करणारं सॉफ्टवेअर हेच काम करतं.

आधी ते आकड्यांच्या रांगेतून अक्षरांचे गट पाडतं. मग क्रम बदलतं, वेलांटी व्यंजनाच्या आधी आणतं, ‘र’चा रफार करून तो गटाच्या शेवटी नेतं. त्यानंतर फॉन्टच्या आतल्या नियमांच्या तक्त्यात बघतं: ‘क’, पायमोड आणि ‘ष’ हे तीन ग्लिफ एकत्र आले तर त्यांच्या जागी ‘क्ष’चा एकच ग्लिफ ठेवा. शेवटी दुसऱ्या एका तक्त्यावरून जागा ठरवतं. अनुस्वार नेमका कुठे बसवायचा, उकार किती खाली घ्यायचा वगैरे. या सगळ्यातून बाहेर पडते ती ग्लिफ क्रमांकांची यादी आणि प्रत्येकाची जागा. ही यादी हातात आल्यावरच चित्रं काढायची.

हे काम करणारं सर्वात प्रसिद्ध सॉफ्टवेअर म्हणजे ‘हार्फबझ’. फारसीत ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाज’ म्हणजे उघडा. आपण ‘एक हरफही काढला नाही’ म्हणतो, त्यातला हरफ तोच. आजच्या फॉन्टचा जो ओपनटाइप नावाचा साचा आहे, त्याच नावाचं हे फारसी रूप. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस या सगळ्यांच्या पोटात हार्फबझ आहे. ते मोफत आहे, त्याचा कोड खुला आहे आणि कुणीही आपल्या प्रोग्राममध्ये जोडू शकतं.

व्हॉट्सॲपवर मराठी नीट दिसते, कारण फोनची यंत्रणा हे शेपिंग करून देते. रील बनवायच्या एखाद्या ॲपमध्ये ती मोडते, कारण त्या ॲपने फोनची यंत्रणा बाजूला ठेवून स्वतः अक्षरं काढायला घेतलेली असतात आणि त्यात शेपिंगची पायरी गाळलेली असते.

पण प्रोग्रामरच्या हे लक्षात कसं येत नाही?

कारण चूक झाली आहे असं संगणक सांगतच नाही.

ग्राफिक्सचं काम करणारे प्रोग्रामर अक्षरं काढायला बऱ्याचदा ‘फ्रीटाइप’ ही मोफत लायब्ररी वापरतात. तिला युनिकोडचा आकडा दिला की ती ग्लिफचा क्रमांक देते आणि क्रमांक दिला की चित्र देते. या दोन्ही कामांत ती चोख आहे. पण शेपिंग हे तिचं काम नाही. प्रोग्रामर एकेक आकडा घेऊन ग्लिफ मागत जातो आणि इंग्रजीत सगळं झकास दिसतं. मग मराठी मजकूर आला तरी प्रत्येक आकड्याला ग्लिफ मिळतोच. एरर नाही, प्रोग्राम बंद पडत नाही, चौकोनही नाही. ज्याला मराठी वाचता येत नाही त्याला पडद्यावर ‘काहीतरी भारतीय’ दिसतं आणि काम झालं असं वाटतं.

गेममध्ये यात आणखी एक भर पडते. गेमला सेकंदाला ६० वेळा पडदा नव्याने रंगवावा लागतो. प्रत्येक वेळी अक्षराचा आकार नव्याने काढणं परवडत नाही. म्हणून लागणारी सगळी अक्षरं आधीच एका मोठ्या चित्रात ओळीने छापून ठेवतात आणि ‘ए कुठे आहे, बी कुठे आहे’ अशी यादी बनवतात. मजकूर दाखवायचा असला की त्या चित्रातले तुकडे उचलून चिकटवायचे. कल्पना हुशारीची आहे. फक्त ही यादी युनिकोडच्या आकड्यांवरून बनवली, तर रफार आणि ‘क्ष’ला तिच्यात जागाच मिळत नाही, कारण त्यांना आकडा नाही. यादी ग्लिफच्या क्रमांकावरून बनवली आणि त्याआधी शेपिंग करून घेतलं, तर तीच युक्ती मराठीलाही चालते.

म्हणजे हा फरक अशक्य आणि शक्य यांमधला नाही. यादीच्या पहिल्या रकान्यात काय लिहायचं, एवढ्या निर्णयाचा आहे. ‘गोडो’ हे खुलं गेम इंजिन याचं चांगलं उदाहरण. २०२३ मध्ये आलेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीत मजकुराची यंत्रणा नव्याने बांधली, हार्फबझ जोडलं आणि अरबीपासून देवनागरीपर्यंतच्या लिप्यांचा रस्ता मोकळा झाला. पायथॉनमध्ये चित्रांवर मजकूर टाकायला वापरतात त्या ‘पिलो’ लायब्ररीतही दोन पर्याय आहेत. एक साधा, एक शेपिंगवाला. साधा पर्याय चालू राहिला तर हजार प्रमाणपत्रांवरची हजार नावं एका झटक्यात बिघडतात आणि हजार लोक छपाई करणाऱ्याला अडाणी ठरवतात.

मराठीचं स्वतःचं दुखणं: ऱ्य, ल आणि ॲ

शेपिंग असलं म्हणजे सगळं मिटलं असंही नाही. देवनागरी म्हणजे हिंदी, असं धरून चालणाऱ्यांना मराठीच्या काही गोष्टी माहीतच नसतात.

पहिली गोष्ट ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्याला’ म्हणजे गुरूला आणि ‘आचाऱ्याला’ म्हणजे स्वयंपाक्याला. इथे ‘र’ रफार होऊन वर गेला की अर्थच बदलतो. युनिकोडमध्ये यासाठी २३५३ क्रमांकाचा वेगळा ‘ऱ’ वापरतात, त्याला पायमोड लावून पुढे ‘य’. फॉन्टमध्ये तो आडवा अर्धा ‘र’ नसेल किंवा शेपिंग होत नसेल, तर खाली टिंब असलेला आणि पाय मोडलेला ‘र’ दिसतो. ‘महाराष्ट्राच्या दऱ्याखोऱ्या’ लिहिलेली पोस्ट तिथेच मान टाकते.

दुसरी गोष्ट ‘ल’ आणि ‘श’. हिंदी वळणाच्या ‘ल’ला उजवीकडे उभा दांडा असतो, मराठी वळणाचा ‘ल’ दोन पाकळ्यांचा असतो. ‘श’चंही वळण दोन्हीकडे वेगळं. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या शासन निर्णयात मराठीची प्रमाण वर्णमाला ठरवून दिली. पण युनिकोडमध्ये दोन्ही ‘ल’ एकच आहेत, क्रमांक २३५४. मग फॉन्टला कळणार कसं, की कुठला ‘ल’ काढायचा?

उत्तर आहे भाषेची खूण. वेबपानावर किंवा सॉफ्टवेअरमध्ये ‘हा मजकूर मराठी आहे’ असं सांगितलेलं असलं, तर शेपिंग करणारा कारागीर फॉन्टमधला मराठीसाठीचा नियम लावतो आणि त्याच आकड्यासाठी वेगळा ग्लिफ उचलतो. अर्थात फॉन्ट बनवणाऱ्याने तो नियम घातलेला असेल तरच. ‘टिरो देवनागरी’ या फॉन्टच्या कर्त्यांनी तर मराठी, हिंदी आणि संस्कृत अशी तीन वेगळी रूपंच उपलब्ध करून दिली आहेत. पण सॉफ्टवेअरने भाषेची खूण दिलीच नाही, तर मराठी मजकूर हिंदी वळणात छापला जातो. चूक म्हणावी इतका तो बिघडत नाही, पण डोळ्यांना खटकतो.

तिसरी गोष्ट ‘ॲ’. या अक्षराला स्वतंत्र क्रमांक, २४१८, मिळाला तो २००८ मध्ये. त्याआधी ‘अ’वर चंद्र देऊन काम चालायचं. त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये ‘ॲप’ लिहिलं की पहिल्या अक्षराचा चौकोन होतो. शिवाय दोन्ही पद्धतींनी लिहिलेला ‘ॲ’ डोळ्यांना सारखा दिसतो, पण आतले आकडे वेगळे असतात. म्हणून एका पद्धतीने लिहिलेलं दुसऱ्या पद्धतीने शोधलं तर सापडेलच याची खात्री नसते.

हे दुखणं आजचं नाही

ज्यांनी विंडोज एक्सपीवर मराठी वाचली आहे त्यांना आठवत असेल. कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ची खूण करावी लागायची, सीडी टाकावी लागायची, मग कुठे जोडाक्षरं जुळायची. ती खूण म्हणजे शेपिंग चालू करणं. विंडोजमधला मंगल फॉन्ट प्रा. र. कृ. जोशी या मराठी सुलेखनकाराचा, पण त्यातली जोडाक्षरं दिसायला ही पायरी लागायचीच.

त्यानंतर साधे मोबाईल आले आणि मराठी पानं चौकोनांनी भरली. तेव्हा ऑपेरा मिनीची एक युक्ती गावोगाव पोचली होती. पत्त्याच्या जागी विशिष्ट शब्द टाइप करून सेटिंगचं पान उघडायचं आणि क्लिष्ट लिप्यांसाठी चित्रांचे फॉन्ट वापरायचा पर्याय चालू करायचा. मग कंपनीचा सर्व्हर अक्षरं स्वतः जुळवून त्यांची चित्रं फोनकडे पाठवायचा. फोनला शेपिंग येत नव्हतं, म्हणून ते दुसरीकडून करून आणलं जायचं.

ज्यांच्याकडे शेपिंग आहे तेही कधी कधी गडबडतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगूतलं ‘ज्ञा’ हे जोडाक्षर एका विशिष्ट पद्धतीने लिहून पाठवलं की आयफोनमधली ॲप बंद पडत होती. मेसेज नुसता पडद्यावर आला तरी पुरे. ॲपलच्या मजकूर काढणाऱ्या यंत्रणेला त्या आकड्यांची रांग पचत नव्हती. तपास करणाऱ्यांना बंगाली आणि देवनागरीतही तशाच रांगा सापडल्या. १९ फेब्रुवारी २०१८ ला आयओएस ११.२.६ आणून ॲपलने ही चूक दुरुस्त केली. एक जोडाक्षर काढणं हे किती नाजूक काम आहे, हे त्या आठवड्यात जगाला कळलं.

मग बॅनरवाले जुना फॉन्ट का सोडत नाहीत?

‘युनिकोड वापरा’ हे सांगून किती वर्षं झाली, तरी फ्लेक्स आणि डीटीपीच्या दुकानांमध्ये श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट चालूच आहेत. याला आळस म्हणून उडवून लावता येणार नाही. त्यामागे व्यवहार आहे.

जुन्या फॉन्टमध्ये मराठी आकार थेट इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. अर्धा ‘त’ एका की वर, रफार दुसऱ्या की वर, वेलांटी तिसऱ्या. ऑपरेटर दिसतं त्या क्रमाने टाइप करतो, म्हणजे वेलांटी आधी आणि व्यंजन नंतर. सॉफ्टवेअरला वाटतं आपण इंग्रजीच काढतोय. एक आकडा, एक चित्र. शेपिंगची गरजच उरत नाही, कारण शेपिंग ऑपरेटरच्या बोटांनी केलेलं असतं! म्हणून हा मजकूर कुठल्याही जुन्या-नव्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मोडत नाही. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये युनिकोड मराठी नीट दिसायला मजकुराच्या मांडणीची वेगळी सेटिंग शोधून निवडावी लागायची. ज्याला रात्री बारापर्यंत बॅनर छापून द्यायचा आहे तो ही झंझट कशाला करेल?

पण याची किंमत नंतर मोजावी लागते. त्या फाईलमधल्या मजकुराची प्रत फेसबुकवर टाकली की अगम्य इंग्रजी अक्षरांचा ढीग दिसतो. गूगलला तो शोधता येत नाही. दृष्टिहीन माणसाचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तो वाचू शकत नाही. या फॉन्टमध्ये वर्षानुवर्षं जुळवलेली मराठी पुस्तकं आणि अंक कागदावर आहेत, संगणकाच्या लेखी मात्र ती मराठी नाहीतच. ती परत मराठीत आणायला मजकूर बदलून देणारी वेगळी साधनं लागतात आणि नंतर माणसाला ओळ न् ओळ तपासावी लागते.

पीडीएफमधली उलटी वाट

हीच गोष्ट पीडीएफमध्ये उलट्या बाजूने घडते. आकड्यावरून ग्लिफ शोधणं सोपं, पण ग्लिफवरून आकडा? पीडीएफ मुख्यतः ‘कुठला ग्लिफ कुठे ठेवायचा’ हे साठवते. कारण तिचं काम पान सगळीकडे सारखं दिसणं हे आहे. त्यातून मजकूर परत काढायचा तर ग्लिफवरून आकडा सांगणारा वेगळा तक्ता फाईलमध्ये असावा लागतो. जोडाक्षराचा एक ग्लिफ म्हणजे तीन-चार आकडे, शिवाय क्रम बदललेला. तो तक्ता अर्धवट असला की दिसायला सुंदर मराठी पीडीएफमधून प्रत काढताना वेलांट्या आणि जोडाक्षरं हरवतात.

एखाद्या सूचनेच्या किंवा यादीच्या पीडीएफमध्ये तुमच्या गावाचं नाव डोळ्यांना दिसतं, पण शोधाच्या चौकटीत टाकलं तर सापडत नाही, त्याचं एक कारण हे. दिसणारी मराठी आणि शोधता येणारी मराठी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेतकऱ्याला यादीत नाव शोधायचं असतं, पत्रकाराला कागदपत्रांतून माहिती काढायची असते, तेव्हा कामाला येते ती दुसरी.

एआयच्या चित्रातली मराठी का चुकते?

इथे कारण वेगळं आहे, म्हणून गल्लत करू नका. चित्र बनवणारं एआय फॉन्टच्या कपाटाकडे जातच नाही. तिथे आकडा नाही, ग्लिफ नाही, शोध नाही. शिकताना पाहिलेल्या लाखो चित्रांवरून ‘इथे अक्षरांसारखं काहीतरी असावं’ असा अंदाज बांधून ते रंगाचे ठिपके भरतं. इंग्रजी पाट्यांची चित्रं भरपूर पाहिलेली असतात, म्हणून ती बरी जमते. देवनागरी कमी पाहिलेली, म्हणून शिरोरेषेला लटकलेली, कुठल्याच वर्णमालेत नसलेली अक्षरं निघतात. नवी मॉडेल सुधारत आहेत, पण भरवशाचा मार्ग एकच: चित्र एआयकडून घ्या आणि त्यावरचा मजकूर खऱ्या फॉन्टने टाका.

दिसलं की ओळखा

आता पुढच्या वेळी मोडलेली मराठी दिसली, तर दोष कुठे आहे हे तुम्हाला सांगता येईल.

– चौकोन दिसले: फॉन्टमध्ये ती अक्षरं नाहीत. फॉन्ट बदला. नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुंबईच्या ‘एक टाइप’चा मुक्ता, दोन्ही मोफत आहेत.
– वेलांटी घसरली, रफार हरवला, जोडाक्षरं सुटी पडली: सॉफ्टवेअर शेपिंग करत नाही. फॉन्ट बदलून उपयोग नाही, सेटिंग किंवा ॲप बदला.
– बाकी सगळं ठीक, फक्त ‘ऱ्य’ तुटला: फॉन्ट मराठीचा विचार करून बनवलेला नाही. दुसरा घ्या.
– ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे आले: भाषेची खूण मराठी केलेली नाही किंवा फॉन्टमध्ये मराठी रूप नाही.
– प्रत काढल्यावर इंग्रजी कचरा आला: मजकूर जुन्या फॉन्टमध्ये आहे. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

आणि एखादं नवं ॲप, टेम्पलेट किंवा प्रमाणपत्राची यंत्रणा वापरण्याआधी ही एक ओळ त्यात टाकून बघा:

‘विद्यार्थ्यांनी दऱ्याखोऱ्यांतल्या किल्ल्यांवर श्रमदान केलं, बाळूने ॲपवर क्षणाक्षणाचा वृत्तान्त लिहिला.’

वेलांटी, रफार, आडवा अर्धा र, तीन मजली जोडाक्षर, श्र, ळ, ॲ, क्ष, ऋकार, सगळं या एका ओळीत आलं. ओळ नीट दिसली तर तुमचं बहुतेक काम निर्धास्त होईल. मोडली, तर तो स्क्रीनशॉट ॲप बनवणाऱ्यांना पाठवा आणि सोबत एकच वाक्य लिहा: ‘तुमचं सॉफ्टवेअर देवनागरीचं शेपिंग करत नाही.’ ‘मराठी नीट दिसत नाही’ या तक्रारीचं प्रोग्रामरला काय करायचं ते कळत नाही. या वाक्याचं कळतं.

कार्यालयं, शाळा आणि पालिका सॉफ्टवेअर विकत घेतात तेव्हा ‘मराठी भाषेची सोय असावी’ असं एक मोघम वाक्य लिहून भागत नाही. मेनू मराठीत केला की ती अट पूर्ण झाली असं दाखवता येतं. त्याऐवजी ‘ही चाचणी ओळ पडद्यावर, छपाईत आणि पीडीएफमधून प्रत काढल्यावरही अचूक आली पाहिजे’ अशी अट घातली, तर पैसे देण्याआधीच निकाल लागेल. त्यासाठी नवं संशोधन नको, नवा निधी नको. साधनं तयार आहेत, मोफत आहेत आणि तुमच्या खिशातल्या फोनमध्ये या क्षणी चालू आहेत. हा लेख तुम्हाला नीट वाचता आला तोही त्यांच्याचमुळे.